दर पावसाळ्यात झुरळांच्या डब्यात चालणारी पांढरी भुकटी

आषाढ लागला की ओळखीतल्या झुरळवाल्यांचे, म्हणजे छंद म्हणून झुरळं पाळणाऱ्यांचे, फोन सुरू होतात. वाक्य ठरलेलं असतं: "गाजराच्या फोडीखाली पीठ सांडल्यासारखं दिसतंय, आणि ते पीठ चालतंय." मग दुसरं वाक्य: "पिल्लं पण मरतायत." बहुतेकांनी तोवर डबा रिकामा करून, माती फेकून, सगळं साबणाने धुऊन झालेलं असतं. पंधरा-वीस दिवसांनी पीठ परत चालायला लागतं, तेव्हा फोन येतो.

मीही हेच केलं होतं. माझ्याकडे पुण्यात, बाल्कनीच्या आतल्या बाजूच्या मांडणीवर, डॉमिनो झुरळांचे तीन डबे आहेत. शास्त्रीय नाव थेरिया पेटिव्हेरियाना, काळ्या पंखांवर सात पांढरे ठिपके. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, हे स्वयंपाकघरातलं झुरळ नव्हे. दक्षिण भारतातल्या झुडपी रानांत पालापाचोळ्याखाली राहणारा हा किडा इतका भुंग्यासारखा दिसतो की जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेसुद्धा १७५८ साली त्याला भुंग्यांत बसवलं होतं. नाव जेम्स पेटिव्हरवरून. हा लंडनचा औषधविक्या, आणि त्याच्याकडे मद्रासहूनही नमुने येत. ठिपके आहेत ते आम्ल फवारणाऱ्या एका सहा ठिपक्यांच्या भुंग्याची नक्कल म्हणून, असं मानतात. माझी पहिली बारा पिल्लं बेंगळुरूच्या एका मित्राने आइस्क्रीमच्या डब्यातून दिली होती.

पहिल्या पावसाळ्यात माइट्स, म्हणजे त्या चालत्या पिठातले बारीक जीव, दिसले तेव्हा मी सगळी माती सोसायटीच्या कुंड्यांत ओतली. त्या मातीत वर्षभराच्या ऊथिका होत्या. ऊथिका म्हणजे अंड्यांची कडक, तांबूस कुपी; डॉमिनोची मादी ती एकेक करून पाल्यात टाकते आणि विसरते. मोठी झुरळं थोडेच महिने जगतात, त्यामुळे पुढची पिढी असते ती मातीतच. दुसऱ्या वर्षी शहाणा झालो आणि डबा कोरडा ठणठणीत केला. माइट्स गेले. पण ऊथिका सुकून चिपाडं झाल्या. दोन्ही वेळा माइट्सवर जय मिळाला आणि झुरळं हरलो.

तर मुद्दा असा, की माइट्स मारायचे नसतात. त्यांचं जेवण उचलायचं आणि वरची ओल काढायची, खालची ओल मात्र तशीच ठेवायची.

आधी ओळखा, पांढरं सगळं माइट नसतं

मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि कणांवर हलकेच फुंकर मारा. टुणकन उडाले तर ते स्प्रिंगटेल. लांबट, करडे-पांढरे, पोटाखाली उडी मारायचा चिमटा असलेले. ते बुरशी खातात, तुमचेच सफाई कामगार आहेत, राहू द्या. न उडता संथपणे सरकणारे, गोलसर, मोत्यासारखे चकाकणारे कण म्हणजे धान्यातले माइट्स. आकार अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. तपकिरी, एकेकटे, घाईत पळणारे दिसले तर ते बहुधा मातीतले शिकारी माइट्स. त्यांना हात लावू नका, ते याच पांढऱ्यांना खातात.

खात्री करायची तर रात्री डब्यात गाजराचा एक काप ठेवा आणि सकाळी उलटा करून बघा. खालची बाजू पांढरी झाली असेल तर प्रश्न मिटला. म्हणजे सुरू झाला.

आता झुरळाकडे बघा. पायांच्या सांध्यांत, तोंडाभोवती, पोटाच्या कडेने पांढरे दाणे चिकटून बसलेले दिसतात का? काही जातीच्या माइट्सची एक अवस्था अशी असते की ते खात नाहीत, हलत नाहीत, नुसते किड्याला चिकटून दुसरीकडे जायची वाट बघतात. एसटीच्या टपावर बसल्यासारखे. ते झुरळाचं रक्त पीत नाहीत. पण दाटी झाली की त्रास होतो, विशेषतः नुकती कात टाकलेल्या मऊ पिल्लांना.

पिल्लं खरंच माइट्सने मरतायत का?

इथे जरा थांबा, कारण माझ्या दुसऱ्या डब्यात मेलेल्या पिल्लांचा माइट्सशी काडीचा संबंध नव्हता.

पावसाळ्यात घरात आणखी काय वाढतं? डास. आणि डासांबरोबर भिंतीतल्या प्लगला लावायची ती लिक्विडची बाटली. तिच्यात पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं, आणि ते डास कुठला नि झुरळ कुठलं असा भेद करत नाही. माझी मांडणी त्या प्लगपासून चार फुटांवर होती. मरणारी पिल्लं उताणी, पाय थरथरत असलेली, आणि एका रात्रीत सहा-सात. माइट्सने किंवा ओलीने मरणारी पिल्लं अशी मरत नाहीत. ती हळूहळू मंदावतात, मातीत शिरायचं सोडून वर येऊन बसतात, आणि दोन-चार दिवसांत एकेक करून जातात. उताणी थरथर दिसली तर आधी प्लग काढा, अगरबत्तीवाली कॉइल बंद करा, सोसायटीचा पेस्ट कंट्रोलवाला कधी आला होता ते वॉचमनला विचारा. डब्यांच्या खोलीत मच्छरदाणी लावा, दुसरा उपाय नाही.

मंदावून वर येणारी पिल्लं असतील तर बोटाने डब्याच्या तळाची माती उकरा आणि वास घ्या. ओल्या रानाचा वास आला तर ठीक. नालीचा, अमोनियाचा वास आला तर तळात पाणी साचलंय, माती घट्ट बसलीय, आणि पिल्लांना खाली हवाच नाही. माइट्स त्याच सडक्यावर जमतात, म्हणून दोष त्यांच्या माथी जातो.

मूळ कुठे सापडलं: खाण्याच्या डब्यात

डबे धुऊनही माइट्स परत का यायचे ते मला तिसऱ्या वर्षी कळलं. मी त्यांना दर रविवारी चमच्याने मोजून वाढत होतो. झुरळांसाठी सुटा गव्हाचा कोंडा आणला होता, दुकानाच्या पोत्यातून काढून कागदी पिशवीत दिलेला, आणि तो मी ओट्याखाली उघड्या बरणीत ठेवला होता.

कोंडा किंवा कुस्करलेलं मांजराचं खाणं तपासायची जुनी युक्ती आहे. चमचाभर घेऊन काळ्या कागदावर टोकदार ढीग करा, अगदी रांगोळीच्या शंकूसारखा, आणि तास-दोन तास त्याला धक्का लावू नका. माइट्स असतील तर टोक बसतं, ढीग पसरट होतो. माझा ढीग चहा पिऊन येईपर्यंत भाकरीसारखा झाला होता. काही जातींत कोंडा बोटात चुरगाळला की पुदिन्यासारखा वासही येतो. मला आला. त्या दिवसापासून चटणी सँडविच खाताना जरा विचार येतो.

उपाय सोपा आहे. कोरडं खाणं आणलं की घट्ट पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये टाका. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. बाहेर तीन-चार तास तशीच राहू द्या, नाहीतर गार कोंड्यावर हवेतली वाफ बसते आणि आपण स्वतःच त्याला ओलसर करतो. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, आणि स्वयंपाकघरातल्या कणकेपासून, रव्यापासून लांब. घरच्या रव्यात माइट्स गेले तर छंदाचे दिवस भरले समजा.

वाढायचं किती? आपण सगळे जास्त वाढतो. झुरळ भुकेलं राहील ही आपली माया. डॉमिनोचं खरं जेवण कुजका पाला आहे. वरचं खाणं म्हणजे लोणचं. पावसाळ्यात मी आठवड्यातून दोनदा, बाटलीच्या झाकणात, मांजराच्या खाण्याचे दोन दाणे ठेवतो आणि दुसऱ्या सकाळी झाकण उचलतो. खाल्लं असो नसो. केळं, काकडी, कलिंगड जून ते सप्टेंबर बंद. गाजराचा पातळ काप चालतो, तोही रात्रीपुरता.

वर कोरडं, खाली ओलं

माइट्स पाणी पीत नाहीत, अंगातून हवेतली ओल शोषतात. हवेतली आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या खाली गेली की त्यांना जगणं जड होतं. ८०-८५ टक्क्यांत, २५ अंशांच्या आसपास, दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. पुण्यातला जुलै त्यांच्यासाठीच बनवलाय. कोकणात राहणाऱ्यांचं तर विचारूच नका.

आता ऊथिकांना ओल हवी आणि माइट्सना नको, हे एकाच डब्यात कसं जमवायचं? माती आठ-दहा सेंटिमीटर खोल ठेवा. तिची ओल बघायची ती मुठीने: दाबली तर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी येता कामा नये. तिच्यावर दोन बोटं जाडीचा एकदम कोरडा पाला. पाणी वरून फवारायचंच नाही, स्प्रेची बाटली पावसाळ्यात कपाटात. डब्याच्या एका कोपऱ्यात जुन्या पेनाची नळी उभी खोचा आणि गरज पडली तर त्यातून तळाशी दोन-तीन चमचे सोडा. माझ्या डब्यांना जुलै-ऑगस्टमध्ये एकदाही पाणी लागत नाही.

भोकं झाकणाला नकोत, समोरासमोरच्या दोन बाजूंना हवीत, म्हणजे हवा आरपार जाते. त्यावर स्टीलची बारीक जाळी लावा. नायलॉनची जाळी झुरळं कुरतडतात. जाळीने माइट्स अडत नाहीत, चिलटं आणि माश्या अडतात.

पाला कुठला? देशी बदामाची वाळलेली पानं उत्तम, वड-पिंपळही चालतात. निलगिरी आणि कडुनिंब नको. रस्त्याकडेची, फवारणी झालेल्या बागेतली नको. उकळतं पाणी ओतून, निथळून, पुन्हा कडकडीत वाळवून वापरा. हे काम एप्रिल-मेमध्ये करून पिशव्या भरून ठेवा. श्रावणात पान वाळवायला निघालात तर कुर्डया राहून गेलेल्या बाईसारखे ढगांकडे बघत बसाल.

पंधरा वॅटचा उपाय

याने माझा प्रश्न सर्वांत जास्त सुटला, आणि याला खर्च जवळपास नाही. बाहेरची हवा कोरडी करता येत नाही, पण तीच हवा थोडी तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता पडते. २५ अंशांना ८५ टक्के असलेली हवा २८ अंशांवर नेली की ७१ टक्क्यांवर येते, ३० अंशांवर ६४ टक्क्यांच्या आसपास. पाण्याचा एक थेंबही कमी न करता.

आपल्याकडे चुलीवरच्या माळ्यावर बियाणं आणि सुकी मासळी ठेवत, त्यामागेही हेच होतं. मी मांडणीच्या खालच्या खणात मातीच्या उलट्या कुंडीखाली पंधरा वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला आणि मांडणीला तीन बाजूंनी जाड पुठ्ठा लावला. एलईडी नको, तो तापत नाही. बल्ब पुठ्ठ्यापासून वीतभर लांब ठेवा आणि पहिले दोन दिवस घरात असतानाच चालवा. वरच्या खणात ३ ते ४ अंश फरक पडतो, तो डॉमिनोंना मानवतो. वरचा पाला चिप्ससारखा कुरकुरीत राहतो, तळची माती तशीच दमट.

मोजल्याशिवाय हे करू नका, आणि मोजायच्या आधी मीटर तपासा. दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक सर्रास खोटं बोलतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, विरघळवू नका. मीटर आणि झाकण एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ दाखवायला हवा, कारण मिठाच्या संपृक्त पाण्यावरची हवा तेवढ्यावरच थांबते. माझा ६८ दाखवत होता. म्हणजे मी "साठ आहे, छान" म्हणत होतो तेव्हा आत सदुसष्ट होतं.

माइट्स झालेच आहेत, आता काय?

माती फेकू नका. कोरडा दिवस बघून वर्तमानपत्र पसरा, मास्क लावा आणि चाळायला बसा. मास्क थट्टा नाही: झुरळांची लेंडकी, कात आणि माइट्स या तिन्हींची भुकटी दम्याच्या माणसाला त्रास देते. घरात कुणाला दमा असेल तर हे काम गच्चीत.

मोठी झुरळं आणि बोटाने उचलता येतील ती पिल्लं एका कोऱ्या डब्यात काढा. आत फक्त अंड्यांच्या ट्रेचा तुकडा आणि चिमूटभर दमट कोकोपीटची वाटी. दोन-तीन दिवस तिथेच, खाणं नाही. मग माती मूठ मूठ करून चाळणीतून काढायची. ऊथिका वर राहतात: चवळीच्या अर्ध्या दाण्याएवढ्या, तांबूस-तपकिरी, एका कडेला करवतीसारखे बारीक दाते. पहिल्या मुठीत दिसणार नाहीत, लेंडकी आणि लाकडाचे तुकडे तशाच रंगाचे असतात. तिसऱ्या-चौथ्या मुठीला डोळा बसतो, आणि मग दिसतच राहतात. मी गेल्या वर्षी एका डब्यातून एकेचाळीस काढल्या. रंगकामाच्या मऊ ब्रशने पुसून, उकळत्या पाण्याने फुलवलेल्या ताज्या कोकोपीटमध्ये, बोटभर खोल. दाबल्यावर आत मऊ लागणारी किंवा बुरशी धरलेली टाकून द्या.

चाळणीबद्दल. मी ती ओट्यावरून उचलली होती आणि आई मागे उभी होती.

"अरे, ही माझी रव्याची चाळणी ना?"

"आई, तुला नवी आणून देतो."

"एक नको, दोन आण. एक तुझ्या झुरळांना, एक माझ्या रव्याला. आणि पेनाने नाव घाल दोन्हींवर."

घातलंय. तिच्या चाळणीवर "रवा" आणि माझ्यावर "नाही".

जुनी चाळलेली माती काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा किंवा उकळतं पाणी ओतून मग कुंडीत घाला. अगदी बारीक पिल्लं चाळणीतून खाली जातात, त्यांच्यासाठी ती माती आधी आठवडाभर उथळ ट्रेमध्ये, गाजराचा काप ठेवून, रोज बघा. कापाखाली पिल्लं येतात, उचलता येतात. माइट्सही येतात, तो काप तसाच उकळत्या पाण्यात.

नव्या डब्यात स्प्रिंगटेलची चमचाभर वस्ती सोडली की बुरशी ते खातात आणि माइट्सना मोकळं रान मिळत नाही. कुंडीखालची माती आणून टाकू नका, सोबत चिलटं येतात. एखाद्याकडून कोळशावर वाढवलेली वस्ती घ्या.

हे करू नका

झुरळांचा खडू, बोरिक पावडर, कुठलाही फवारा, मांडणीच्या पायाशीसुद्धा नको. मुंग्यांसाठी आजीचाच उपाय, पायाखाली पाण्याच्या वाट्या, जसं दुधाचं पातेलं परातीत ठेवतात. कापूर, डांबरगोळ्या, लवंगा: वासाने माइट्स पळतील तर झुरळंही पळतील, आणि त्यांना पळायला जागा नाही.

हिसिंग झुरळं पाळणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. मादागास्करच्या या झुरळांच्या पायांच्या मुळाशी फिकट, चपळ माइट्स पळताना दिसतात. ते त्यांचे जन्माचे सोबती आहेत, सांडलेलं-उरलेलं खातात, त्रास देत नाहीत. त्यांना हटवायला जाऊ नका. आणि माशांना खायला म्हणून दुबिया जातीची झुरळं ठेवणाऱ्यांना तर मातीच लागत नाही; मादी अंडी पोटातच उबवते आणि जिवंत पिल्लं देते. त्यांचा डबा पावसाळ्यात सरळ कोरडा करा, गाजरातून मिळेल तेवढं पाणी पुरतं.

डबे आवरताना नकोशी झालेली परदेशी झुरळं बागेत सोडू नका, फ्रीझरमध्ये ठेवून मग टाका. आणि डॉमिनो हवीत म्हणून अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात पाला उकरायला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तिथून परवानगीशिवाय काही उचलता येत नाही, मग तो किडा का असेना. कुणाकडे तरी जास्तीची पिल्लं असतातच, मागा.

या वर्षीचा हिशोब: आषाढात एका डब्यात गाजराखाली पांढरं दिसलं, पुसट, बोटाच्या नखाएवढं. मी कोंडा तपासला, शंकू उभाच होता. मग आठवलं, त्या आठवड्यात मी गावाला होतो आणि भाच्याला डबे सांभाळायला सांगितले होते. त्याने प्रेमाने अर्धं केळं घातलं होतं. केळं काढलं, बल्ब दोन दिवस सलग चालू ठेवला, आणि भाच्याला झाकणाचं माप दाखवलं. एकेचाळीसपैकी एकोणतीस ऊथिका फुटल्यात आतापर्यंत.